पाच लिटरचा कॅन

मी राहतो इंग्लंडात, स्लाऊला. (भारतात २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदी आहे, तेव्हा हे सगळं इथलंच.) सिगारेट सोडून वेपवर आलो आणि १ जून २०२५ पासून इथे डिस्पोजेबल (एकदा वापरून फेकायचे) वेप बंद झाले, तेव्हा म्हटलं, लिक्विड घरीच बनवू.

त्यात अवघड काही नाही. व्हीजी म्हणजे ग्लिसरीन, पाकासारखं दाट, गोडसर. वाफेचा ढग त्याचा. पीजी म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, पातळ, फ्लेवर धरतं आणि घशाला लागतं. मी सत्तर टक्के व्हीजी, तीस टक्के पीजी करायचो. निकोटिन, फ्लेवर थोडंच. बाटली भरते ती या दोघांनी. म्हणून पैसेही तिथेच वाचवावेसे वाटतात, आणि मी नेमका तिथेच गंडलो.

ऑनलाइन जाहिरात पाहिली : व्हीजी, पाच लिटर, दुकानाच्या निम्म्या भावात. माणूस पार्किंगमध्ये भेटला, बोलायला गोड. ‘फॅक्टरीतला उरलेला माल’, म्हणाला, आणि मोबाइलवर ‘यूएसपी ग्रेड’चं, म्हणजे औषधात चालेल इतक्या शुद्धतेचं, सर्टिफिकेट दाखवलं. त्यावरचा बॅच नंबर कॅनवरच्या नंबराशी ताडून पाहायचं मला सुचलं नाही. पैसे रोख दिले. पावती त्याने दिली नाही, मीही मागितली नाही, खोटं कशाला सांगू.

आठवडाभर घसा खवखवत होता. आधी फ्लेवरला शिव्या घातल्या, मग वेपमधली कॉइल (लिक्विड तापवणारी तार) बदलली. शेवटी सिरिंजने मिली मोजायचा कंटाळा आला म्हणून बायकोचा केकचा काटा घेतला आणि वजनाने मिसळायला बसलो. १०० मिली व्हीजी १२६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. काटा ११७ वर थांबला. मापाचं भांडं पुसून तीनदा मोजलं. ११७च.

मग कॅन उजेडात नेला. लेबलचा एक कोपरा सुटला होता. नखाने ओढलं तर खाली दुसरं लेबल, अर्धवट खरवडलेलं, आणि त्यावर लाल कडेच्या चौकोनाचा एक कोपरा. धोक्याचं चिन्ह. शुद्ध ग्लिसरीनवर ते असायचं काही कारणच नाही.

रात्री आईला फोन केला. ती मुंबईत नर्स होती. ‘‘ग्लिसरीन? अरे, जे. जे. विसरलास का?’’ १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले, लेंटिन आयोग बसला. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं. तेही बिनरंगी, तेही गोड. जिभेला काय कळणार? मूत्रपिंडं निकामी करतं. आणि ते पिणं होतं, मी तर फुप्फुसात ओढत होतो.

काट्यावरही फार भिस्त ठेवू नका. वजन चुकलं तर माल खोटा, एवढंच नक्की. बरोबर भरलं म्हणजे माल खरा, असं नाही. थोडीशी भेसळ वजनात लपते. माझ्या कॅनमध्ये पाणी होतं, पीजी होतं की आणखी काही, हे मला आजही माहीत नाही. प्रयोगशाळेचा खर्च विचारला, तो कॅनच्या कितीतरी पट निघाला. आता व्हीजी-पीजी घेतो ते सीलबंद, बिलासकट, आणि सर्टिफिकेटवरचा बॅच नंबर बाटलीवर सापडला तरच.

त्या माणसाने मला ब्लॉक केलं. ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे (इथलं ग्राहकांची फसवणूक पाहणारं सरकारी खातं) तक्रार पोचवली, पण माझ्याकडे पुरावा म्हणून काय, तर फाटक्या लेबलचा फोटो.

कॅन अजून गॅरेजमध्येच आहे. कौन्सिलच्या कचरा केंद्रावर नेला होता. तिथल्या बाईंनी साधं विचारलं, ‘‘यात काय आहे?’’ मी तो परत गाडीत ठेवला.