खालची रांग की वरचा मजला?

ड्रम कोअर इंटरनॅशनल म्हणजे पितळी वाद्यं आणि ड्रम वाजवत मैदानभर रचना करत चालणाऱ्या तरुण पथकांच्या स्पर्धा भरवणारी अमेरिकी संस्था. तिची अंतिम फेरी 2009 साली इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये आली. तिथलं तिकीट काढताना डोकं खाणारा प्रश्न एकच: खाली बसायचं की वर?

खाली बसलं की पोरं जवळून दिसतात. मारिंबा या पट्ट्यांच्या वाद्यावर एकेका हातात दोन-दोन काठ्या धरून पळणारे हात, स्नेअर ड्रमवाल्यांच्या अगदी एका उंचीवर थांबणाऱ्या काठ्या, ट्रंपेट खाली येताच घाईने घेतलेला श्वास. पितळी वाद्यं एकदम उसळली की छातीत धडधडतं; ढोल-ताशा पथकापुढे उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. पण रचना? नुसती डोक्यांची गर्दी.

वरून तीच गर्दी वळते, तिरकी होते, मिटते. एकाचं पाऊल चुकलं तरी रांगेतली फट लगेच दिसते. 100 पैकी 30 गुण दृश्याचे, 30 संगीताचे आणि 40 एकूण परिणामाचे, म्हणजे खालून दोन संघांची तुलना करणं तसं अर्धवटच.

आवाजाची गंमत वेगळी. मैदानाची रुंदी सुमारे 49 मीटर, त्यामुळे मागच्या कडेचा ठोका पुढच्या कडेला सेकंदाच्या सातव्या भागाइतका उशिरा पोचतो. म्हणून पुढचे वादक मागच्या ड्रमचा ठोका ऐकून वाजवतात. वर बसलं की हे जुळलेलं ऐकू येतं, फक्त बंद छताखाली जरा घुमतं.

माझं मत? गुरुवारची प्राथमिक फेरी खालून, शनिवारची अंतिम वरून.