जमिनीतलं औषध उतरवायचंय: धिंगरीची बुरशी की शेणखत?

नारायणगाव-मंचरकडे जुना टोमॅटोचा प्लॉट सेंद्रियकडे वळवायचा म्हटलं की मातीत साठलेले कीडनाशकांचे अंश काढावे लागतात, आणि त्यासाठी हल्ली बुरशी सोडण्याचा विषय निघतोच. दुसरा मार्ग जुना: कुजलेलं शेणखत, ताग गाडणं, ओल टिकवणं. त्यात काम मातीतले जिवाणू करतात.

आधी माती तपासून घ्या, कारण उत्तर औषधावर ठरतं. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक निघालं तर माझा कौल शेणखताला. आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) बहुधा आठच्या आसपास असतो आणि अशा मातीत हे औषध लवकर फुटतं. मात्र ते फुटून बनणारं टीसीपी हे रसायन जिवाणूंना मारक असतं, म्हणून जास्त सांडलेल्या जागी काम रेंगाळतं.

डीडीटी, लिंडेन या जुन्या कीटकनाशकांची गोष्ट वेगळी. शेतीत डीडीटी १९८९ पासून बंद आहे, तरी त्याचे अंश मातीत वर्षानुवर्षं चिकटून राहतात. इथे बुरशी उजवी. लाकूड कुजवणारी पांढरी बुरशी लाकडातलं चिवट लिग्निन तोडायला जी विकरं (एन्झाइम) बाहेर सोडते, ती एकाच रेणूपुरती बांधलेली नसतात. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम ही बुरशी डीडीटी आणि लिंडेन दोन्ही तोडते, हे १९८५ मध्ये दाखवलं गेलं. आपली धिंगरी अळिंबी याच गटातली. ट्रायकोडर्माची पुडी मात्र यात धरू नका. ती मुख्यतः रोगांसाठी.

पण हे झालं प्रयोगशाळेतलं. शेतात ही बुरशी पाहुणी असते. तिला काड, भुसकट असं खाद्य सतत लागतं, तिच्या विकरांना आम्लधर्मी वातावरण मानवतं, आणि मातीतले मूळचे जीव तिला टिकू देत नाहीत. शिवाय एवढं कच्चं काड मातीत गेलं की नत्र अडकून पुढचं पीक पिवळं पडतं. एकरभर रानाला हे परवडेल असं मला वाटत नाही.

द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाच्या (मोरचूद-चुन्याच्या) फवारणीमुळे साठलेल्या तांब्यावर दोन्ही उपाय फोल. ते मूलद्रव्यच, त्याचं विघटन कसलं होणार!

बुरशीला खरी जागा आहे ती विहिरीजवळ, जिथे आपण औषध कालवतो आणि पंप धुतो. स्वीडनमध्ये १९९०च्या दशकापासून अशा जागी खड्डा करून त्यात दोन भाग काड, एक भाग माती आणि एक भाग पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पाला) भरतात, वर गवत लावतात. काडावर पांढरी बुरशी वाढते आणि सांडलेलं औषध तिथेच अडून विरत जातं. आपल्याकडे पीटऐवजी कंपोस्ट चालेल. खड्डा मात्र विहिरीपासून लांब घ्या, औषध कालवणं आणि पंप धुणंही तिथेच न्या, आणि तळाला चिकणमाती घट्ट चोपा.

या खड्ड्यासाठी तोडणी संपलेले धिंगरीचे बेड (बुरशी वाढलेलं काड) उत्पादकांकडे मागून बघा, पण काड कशात भिजवलं होतं ते आधी विचारा. बरेच जण निर्जंतुकीकरणाला कार्बेन्डाझिम आणि फॉर्मेलिन वापरतात. गरम पाण्यात उकळलेल्या काडाचे बेडच घ्या. नवीन बेड भरायचे असतील तर पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी प्रकल्प आहे, तिथे स्पॉनची (अळिंबीच्या बियाण्याची) चौकशी करा.

त्या खड्ड्यावर उगवलेली अळिंबी कितीही टवटवीत दिसली तरी भाजीला नेऊ नका.