पिवळा रबरी पट्टा: दीड महिना वापरल्यानंतर

मला व्यायाम आवडत नाही. शाळेतही आवडत नव्हता, आता पंचेचाळिशीतही आवडत नाही. दोनदा जिमची वर्षभराची फी भरली आणि दोन्ही वेळा महिन्याभरात जाणं थांबलं. प्रत्यक्ष व्यायामापेक्षा त्याच्या आगेमागचं सगळं मला जड जातं: कपडे बदला, जा, वाट बघा, परत या. म्हणून या वेळी घरच्या कपड्यांत, खुर्चीशेजारी उभं राहून करता येईल असं काहीतरी हवं होतं. रेझिस्टन्स बँडचा, म्हणजे ताणून व्यायाम करायच्या रबरी पट्ट्यांचा, एक साधा सेट घेतला. त्यात दीडेक मीटरचे तीन सपाट पट्टे आहेत (पिवळा, लाल, हिरवा), दोन छोटे गोल लूप, पट्टा धरून ठेवायला दारात अडकवायचा एक अँकर आणि पिशवी.

पिशवी उघडताच रबराचा उग्र वास आला आणि हाताला पांढरी पावडर लागली. ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवल्यावर दोन्ही गेलं. पट्टे लेटेक्सचे आहेत. त्याची अ‍ॅलर्जी असेल तर लेटेक्स नसलेले मिळतात, तेच घ्यावेत. रंगांवर मात्र भरवसा ठेवू नका. माझ्या सेटमध्ये पिवळा सर्वांत हलका आहे, पण सगळ्या कंपन्यांचे रंग सारखे नसतात.

सोबतचा कागद ही या सेटची सर्वांत वाईट गोष्ट. नखाएवढी चित्रं, आणि प्रत्येकाखाली पहिल्या दिवसापासून वीस-वीस वेळा, असं तीनदा करा म्हणून लिहिलेलं. मी ते लाल पट्ट्यानं तसंच्या तसं केलं. दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर जाईना, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त दुखलं. नव्या व्यायामानंतरचं दुखणं बऱ्याचदा असंच एक-दोन दिवसांनी जोर धरतं, हे मला तेव्हा माहीत असतं तर इतकी घाबरले नसते. पण नवशिक्याला इतकं करायला सांगणं चूकच आहे. याच टप्प्यावर माणसं कायमची सोडून देतात, आणि मीही सोडणारच होते.

चार दिवसांनी पिवळा पट्टा घेतला आणि आठ-आठ वेळाच करायचं ठरवलं. शेवटचे दोन जरा जड वाटले की थांबायचं. तिथून पुढे हा पट्टा मला खरोखर आवडायला लागला. डंबेलचं वजन उचलल्यापासून तेवढंच राहतं. पट्टा सुरुवातीला अगदी सैल असतो आणि ताणाल तसा जड होत जातो. दमलात तर थोडा कमी ताणा, तेवढ्यानं भागतं.

माझा आवडता प्रकार बसून ओढण्याचा. पाय पुढे पसरायचे, पट्टा तळव्यांना अडकवायचा, कोपरं मागे नेत खांद्यांच्या पात्या जवळ आणायच्या. दिवसभर संगणकापुढे पुढे आलेले खांदे मागे जातात, ते फार बरं वाटतं. एकदा पट्टा तळव्यावरून निसटून मनगटावर सपकन बसला. तेव्हापासून प्रत्येक पावलाला एक वेढा देऊनच ओढते. दाराचा अँकर दोनदा वापरून ठेवून दिला. दार आपल्याकडे उघडणारं असेल तर ओढताना ते उघडण्याची भीती राहते. गोल लूप मांडीवर गुंडाळला जाऊन दोरीसारखा काचतो, त्यापेक्षा कापडी लूप बरा.

उरलेल्या गोष्टींना पट्टा लागतही नाही: हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला टेकून पुशअप्स, फोनवर बोलताना टाचा उचलणं. मिळून दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा.

एवढ्यानं काय होणार, असं मलाही वाटायचं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. पूर्वी एका वेळची हालचाल निदान 10 मिनिटांची असावी अशी अट होती. 2020 च्या मार्गदर्शनात ती काढून टाकली. हे वाचून माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. पट्ट्यानं माझा स्नायूंचा भाग होतो. दम वाढावा म्हणून वेगळं चालावं लागतं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं.

वजन तसूभरही कमी झालेलं नाही, त्यासाठी हा सेट घेऊ नका. अर्ध्या मिनिटात खुर्चीतून पूर्वी अकरा वेळा उठत होते, आता चौदा वेळा उठते. वरच्या फळीवरची बॅग काढताना उजवा खांदा अडत नाही.

गेल्या आठवड्यात पिवळ्या पट्ट्याच्या कडेला बारीकशी चीर दिसली. अशी चीर ताणाखाली अचानक फाटते, म्हणून तो लगेच टाकून दिला. दीड महिन्यात चीर पडणं मला पटलेलं नाही, पाचपैकी एक गुण त्याचा कापते आणि एक त्या कागदाचा. आता सुटा पिवळा पट्टा मागवलाय. तो येईपर्यंत लाल पट्टा, पण सहाच वेळा.