लान्चा फुल्विया कूपे: रिस्टोअर करायला घेतली, त्याचा अडीच वर्षांनंतरचा रिव्ह्यू

गाडी १९७१ ची, लान्चा ह्या इटालियन कंपनीची दोन दारांची फुल्विया कूपे १.३ एस, सेकंड सिरीज, म्हणजे १९७० पासूनची. घेतली तेव्हा अकरा वर्षं एका शेडमध्ये उभी होती, चारही टायर बसलेले, ब्रेक जाम, आणि मागच्या सीटवर पाच खोकी भरून सुटे पार्ट, कारण आधीच्या मालकाने काम सुरू करून मधेच सोडून दिलं होतं. आता अडीच वर्षं झाली, गाडी रस्त्यावर आहे, गेल्या सहा महिन्यांत साडेतीन हजार किलोमीटर चालवली, म्हटलं आता लिहावं, कारण घ्यायच्या आधी असं काही मराठीत वाचायला मिळालं असतं तर माझं पहिलं वर्ष वाचलं असतं.

आधीच सांगून टाकतो, परत घ्यायची वेळ आली तर परत फुल्वियाच घेईन. पण वेगळी घेईन, म्हणजे इंजिन जाम झालेलं चालेल पण पत्रा चांगला पाहिजे. मी नेमकं उलटं केलं होतं, इंजिन हाताने फिरतंय बघितलं आणि व्यवहार करून मोकळा झालो.

इंजिनाच्या प्रेमात पडायला कारण पण तसंच आहे. व्ही फोर, म्हणजे चार सिलिंडर व्ही आकारात दोन ओळींत, पण दोन्ही बाजूंच्या सिलिंडरमधला कोन फक्त १३ अंशांच्या आसपास, म्हणजे व्ही आहे हे बघून पटकन कळतही नाही. कोन इतका कमी असल्यामुळे दोन्ही बाजूंना मिळून एकच हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, पुरतं. त्यात व्हॉल्व्ह उघडणारे दोन दांडे, म्हणजे कॅमशाफ्ट, एक सगळ्या इनलेट व्हॉल्व्हसाठी आणि एक सगळ्या एक्झॉस्टसाठी. हे सगळं प्रकरण ४५ अंश कलवून पुढच्या ॲक्सलच्या पण पुढे बसवलंय, म्हणून बॉनेट एवढं सपाट ठेवता आलं. आणि ही आयडिया लान्चाची घरचीच, १९२२ च्या लॅम्ब्डालाही अरुंद कोनाचं व्ही फोरच होतं. फुल्वियाची सेडान १९६३ ला आली आणि कूपे १९६५ ला, डिझाइन पिएरो कास्तान्येरोचं, कंपनीच्या आतच केलेलं. पातळ पिलर, चारही बाजूंनी काच, आत बसलं की झरोक्यात बसल्यासारखं वाटतं. १९७२ ला साँद्रो मुनारीने १.६ एचएफ, म्हणजे फुल्वियाचीच जास्त ताकदीची आवृत्ती, घेऊन माँटे कार्लो रॅली जिंकली ती हीच बॉडी. माझी साधी १.३ आहे, १२९८ सीसी, नव्वदच्या आसपास हॉर्सपॉवर, पण वजन पण हजार किलोच्या आतच, त्यामुळे कमी पडत नाही.

आता पत्र्याबद्दल, आणि इथे जरा लांबण लागणार आहे, कारण माझी अर्ध्याहून जास्त मेहनत आणि पैसा इथेच गेला.

फुल्वियाला पुढे एक वेगळी सबफ्रेम असते. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचं सस्पेन्शन सगळं तिच्यावर, आणि ती सबफ्रेम बॉडीला बोल्टने. कामाच्या दृष्टीने फार छान सोय आहे ही, बोल्ट सोडले, पाइप-वायरी काढल्या की पुढचा सगळा संसार एकत्र बाहेर येतो आणि मग आरामात उभ्याने काम करता येतं. पण ही फ्रेम पोकळ पेटीसारखी आहे आणि तिच्यात पाणी-माती साचली की ती आतून सडते, बाहेरून रंग अगदी ठीक दिसतो. त्याहून वाईट म्हणजे मागच्या बाजूला जिथे ती बॉडीला जोडली जाते तिथला बॉडीचा पत्रा. तिथे गंज असेल तर सबफ्रेम उतरवल्याशिवाय वेल्डिंगची टॉर्च नीट पोचत नाही, आणि त्या जागेवरच पुढची चाकं लटकलेली असतात, म्हणजे वरवर ठिगळ लावून भागत नाही. माझ्या गाडीत डाव्या बाजूला आधीच कुणीतरी ठिगळ मारलं होतं, जुन्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवून कडेने टाके मारलेले आणि वर जाड काळं अंडरकोटिंग. खालून बघितलं तर मस्त मजबूत वाटायचं. स्क्रू ड्रायव्हरची मूठ आपटली की आवाज बद्द यायचा, तेवढा एक आवाज मी ऐकायला हवा होता.

म्हणून बघायला जाल तेव्हा एक लोहचुंबक, एक टॉर्च आणि एक स्क्रू ड्रायव्हर न्या आणि कपडे खराब झाले तरी चालेल पण गाडीखाली झोपा. सबफ्रेमचे जोड, दाराखालच्या सिल, मागचे पाटे जिथे बॉडीला अडकतात ती जागा, डिकीचा तळ, पुढच्या काचेखालचा कोपरा, एवढं बघितलं की गाडी कळते. चुंबक चिकटला नाही की समजायचं आत पुट्टी आहे. फक्त एक लक्षात ठेवा, सुरुवातीच्या फुल्वियांना दरवाजे, बॉनेट आणि डिकी ॲल्युमिनियमची असायची, तिथे चुंबक चिकटणारच नाही आणि विनाकारण घाबराल. त्या गाड्यांमध्ये ॲल्युमिनियम जिथे स्टीलच्या चौकटीवर दुमडलंय ती कड बघायची, दोन धातू एकमेकांना लागून ओलावा मिळाला की तिथे पांढरी पावडर सुटते आणि कड फुगते. १९७० च्या सेकंड सिरीजपासून स्टील आलं.

सिल कापताना मी एक गोष्ट बरोबर केली ती सांगतो. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून घेतले आणि दरवाजा लावून ठेवला, मग एका वेळी वीतभरच कापायचं, जोडायचं, दरवाजाची फट मोजायची, मग पुढचं. कूपे असली तरी सिल काढली की बॉडी मधे बसते आणि मग दरवाजा आयुष्यात कधी नीट लागत नाही. ह्यात दादाची फार मदत झाली, त्याचा वेल्डिंगचा हात माझ्यापेक्षा खूप चांगला आहे, आणि तो दर वेळी एकच विचारायचा, "फट मोजलीस का?" कंटाळा यायचा ऐकून, पण आज दोन्ही दरवाजे एका बोटाने बंद होतात.

पत्रा झाला की इंजिन. हेड निघता निघेना. ॲल्युमिनियमचं हेड आणि स्टीलचे स्टड, पन्नास वर्षांत दोघांमधे गंज बसून एक झालेले, रोज सकाळ-संध्याकाळ गंज सोडवायचं तेल टाकून आठ दिवस थांबलो, हलक्या हाताने लाकडाने ठोकत राहिलो, नवव्या दिवशी सुटलं. घाई करून पहार घातली असती तर हेडची कड गेली असती आणि असं हेड मिळणं सोपं नाही. पुढची गोष्ट मात्र माझ्या हातात नव्हती, हेड प्लेन करायला एका वर्कशॉपला दिलं, किती घासायचं ते लिहून दिलं होतं तरी त्यांनी जास्त घासून दिलं. चेनवर चालणाऱ्या कॅमशाफ्टच्या इंजिनात हेड खाली आलं की चेन तेवढी सैल पडते आणि कॅमचं टायमिंग मागे जातं, मग जाड गॅस्केट शोधा, टायमिंग परत डिग्री लावून बसवा, त्यात दोन महिने गेले. तेव्हापासून कुठलंही मशीनिंग द्यायच्या आधी स्वतः मोजायचं, घेताना समोर उभं राहून परत मोजायचं.

दोन सोलेक्स कार्ब्युरेटर आहेत, त्यांच्याबद्दल लोक फार वाईट बोलतात पण खरं म्हणजे बहुतेक वेळा बिचाऱ्या कार्ब्युरेटरचा दोष नसतो. थ्रॉटलचा दांडा जिथून जातो ती भोकं झिजलेली असतात, तिथून हवा खेचली जाते आणि मग आयडलिंग कधी वर कधी खाली, तुम्ही स्क्रू फिरवत बसता. नवीन बुश घातले, जेट साफ केले आणि दोन्हींची हवा सारखी केली, पहिल्या दिवसापासून शांत चालतंय. पेट्रोलचे जुने रबरी पाइप मात्र एकही ठेवू नका, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, चिरतं, आणि ते पाइप गरम इंजिनाच्या आसपासच असतात. ब्रेकचं काम सोपं झालं, चारही चाकांना डिस्क आहेत, सेकंड सिरीजला गर्लिंगचे कॅलिपर आले त्यांचे किट मिळतात, फर्स्ट सिरीजच्या डनलॉपला जास्त शोधावं लागतं. वायरिंगमध्ये ऐंशी टक्के त्रास अर्थिंगचा होता, सगळे अर्थ पॉइंट घासून चकचकीत केले आणि बहुतेक प्रॉब्लेम गायब.

आता ती पाच खोकी. हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो, दुसऱ्याने खोललेली गाडी घेताना खोक्यातला एकेक पार्ट बघून घ्या, शक्य असेल तर पार्ट कॅटलॉगची चित्रं सोबत घेऊन बसा. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, ब्रेक, क्लच हे सगळं ह्या ना त्या मार्गाने मिळतं. पण खिडकीभोवतीची चकचकीत पट्टी, दाराच्या आतलं हँडल, डॅशबोर्डवरचं लाकूड, टेललाइटची चौकट, असल्या बारीक गोष्टी ज्या घेताना फालतू वाटतात त्यांच्यासाठी मी महिनोन्‌महिने शोधत होतो. उजव्या बाजूची एक क्रोमची पट्टी शोधायला चौदा महिने लागले आणि ती सुद्धा वाकडी मिळाली, दादाने लाकडाच्या साच्यावर ठोकून सरळ केली. अर्धवट गाडी स्वस्त का वाटते ते अशा वेळी कळतं. मला विचाराल तर गंज थोडा जास्त पण सगळे पार्ट जागेवर असलेली गाडी, ही गंज कमी पण खोक्यात भरलेल्या गाडीपेक्षा बरी.

आणि फोटो काढा हो. ज्यांनी गिअरबॉक्स उघडून दिला ते वयस्कर मेकॅनिक मला म्हणाले होते, "बाळ, पाना उचलायच्या आधी फोटो काढायचा." आमच्या गाडीचं आधीच खोललेलं असल्याने अर्ध्या गाडीचे फोटोच नव्हते, कुठला बोल्ट कुठला ते दुसऱ्याच्या गाड्या बघून ठरवावं लागलं.

खर्च विचाराल तर गाडी घेतली त्याच्या साधारण साडेतीन पट वर गेला, आणि त्यात आमच्या दोघांच्या मजुरीचा हिशोब नाही. पैसे सुटतील म्हणून घेणार असाल तर फुल्विया घेऊ नका. अल्फा रोमिओची ती बर्टोनेवाली कूपे बघा, बर्टोने डिझाइन कंपनीत असताना ज्युजारोने काढलेली, तिच्या पार्टची सोय खूप चांगली आहे आणि तयार गाडीला मागणी पण जास्त, पण त्यामुळेच भंगार अवस्थेतली सुद्धा महाग पडते. फियाट १२४ स्पोर्ट कूपे हा मधला रस्ता, इंजिनिअर लाम्प्रेदीचं दोन कॅमशाफ्टचं ट्विन कॅम इंजिन, कॅम चेनऐवजी पट्ट्यावर चालणारे, समजायला सोपं. मी दोन्ही बघून आलो होतो, दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या, दोन्ही छान. पण फुल्वियाचं बॉनेट उघडल्यावर जे वाटलं ते तिथे वाटलं नाही.

चालवायला कशी आहे? पार्किंगला स्टिअरिंग जड, कारण सगळं वजन पुढच्या चाकांवर आणि पॉवर स्टिअरिंगचा विषयच नाही. एकदा वेग घेतला की मात्र हलकं होतं, आणि पुढे आडवा पाटा, मागे साधा ॲक्सल हे ऐकून बैलगाडी वाटेल पण वळणावर इतकी विश्वासाने बसते की मी पहिल्या घाटवळणाला नुसता हसत होतो. चार हजारांच्या वर इंजिनाचा आवाज बदलतो, खरखर संपते आणि एकसुरी घुमायला लागतं. दादा शेजारी बसला होता, काही बोलला नाही, नुसतं डॅशबोर्डवर हात ठेवून बसला.

सबफ्रेमच्या आणि सिलच्या पोकळ्यांमध्ये मेण मारून घेतलंय, दर वर्षी परत मारणार. राहिलंय ते डाव्या दाराचं वरचं रबर, पाऊस लागला की कोपऱ्यातून दोन थेंब आत येतात. नवीन मागवलंय, तोवर गाडी बाहेर ठेवत नाही आणि चालवून आणली की दार उघडून कोपरा पुसून घेतो.