गाण्यांसाठी फोन: जॅकवाला की बिनजॅकचा?

दिवसभर गाणी ऐकायची असतील तर मेगापिक्सेल विसरा, आधी फोनच्या कडा बघा. ३.५ मिमी जॅक (हेडफोन खुपसायचं गोल भोक) असेल तर त्या मापाच्या प्लगचा कुठलाही वायरचा हेडफोन चालतो, ऐकता ऐकता चार्जिंगही होतं. खिशातला कचरा भोकात दाबला गेला की प्लग पूर्ण बसत नाही आणि एका कानाचा आवाज जातो. फोन बंद करून लाकडी काडीने अलगद उकरा.

जॅक नसेल तर टाइप-सी अडॅप्टर. तो डॅक (डिजिटल गाण्याचा हेडफोनला लागणारा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी चिप) असलेलाच घ्या, साधा अनेक फोनांत मुकाच राहतो. ब्लूटूथला वायरची कटकट नाही, पण इयरबडची इवलीशी बॅटरी लवकर थकते, आणि ती सहसा बदलता येत नाही.

३२० केबीपीएसचं (सेकंदाला ३२० किलोबिट, म्हणजे चांगल्या दर्जाचं) ४ मिनिटांचं गाणं सुमारे १० एमबी. ६४ जीबी मेमरी कार्डात अशी सुमारे ६,००० मावतात. एवढा संग्रह असेल तर जॅक-कार्डवाला घ्या. स्ट्रीमिंगवर, पळताना ऐकणाऱ्याला बिनजॅकचा पुरतो.