हाऊ द वेस्ट वॉज वन ब्लू-रे: दुसरी डिस्क आधी लावा

१९६२ चा हा वेस्टर्न (काउबॉयवाला) सिनेमा सिनेरामात शूट केलेला. म्हणजे एका कॅमेऱ्यात तीन लेन्स, तीन रिळं एकदम फिरणार, आणि थिएटरात तीन प्रोजेक्टर ती शेजारी शेजारी टाकणार, तेही १४६ अंशात वाकवलेल्या पडद्यावर. आता हे सगळं घरच्या सपाट टीव्हीवर कसं आणायचं सांगा. जुन्या डीव्हीडीवर तर तीन चादरी जोडल्यासारख्या दोन उभ्या रेघा सिनेमाभर दिसायच्या, आभाळ आलं की त्या जास्तच डोळ्यात यायच्या.

वॉर्नरच्या २००८ च्या ब्लू-रेवर त्या रेघा डिजिटली घालवल्यात आणि काम खरंच जबरदस्त झालंय. अगदी शोधायलाच बसलात तर उजळ आभाळात कुठेतरी पुसट खूण सापडेल, पण गोष्टीत शिरलात की आठवणही येत नाही. डिटेल तर विचारू नका, सिनेरामाची प्रत्येक फ्रेम साध्या ३५ एमएमपेक्षा दीडपट उंच, त्यात तीन फ्रेम, त्यामुळे लांबच्या डोंगरावरची झाडंसुद्धा सुटी सुटी दिसतात. काही शॉट मात्र अल्ट्रा पॅनाव्हिजनमध्ये, म्हणजे एकाच रुंद फिल्मवर, घेऊन नंतर तीन भागांत कापलेले आहेत, ते आले की पिक्चर जरा मऊ पडतं, तो दोष रिस्टोरेशनचा नाही.

पहिल्या डिस्कवर नेहमीची सपाट पट्टी आहे, रुंदी उंचीच्या २.८९ पट, म्हणजे टीव्हीचा जवळपास ४० टक्के भाग काळाच. शिवाय वाकड्या पडद्यासाठी घेतलेलं चित्र सपाट केल्यामुळे सरळ कुंपण मध्येच मोडल्यासारखं दिसतं, आणि बोलणारी दोन माणसं एकमेकांकडे न बघता भलतीकडेच बघतायत असं वाटत राहतं.

म्हणून म्हणतो दुसरी डिस्क आधी. तिच्यावर स्माइलबॉक्स व्हर्जन आहे, चित्र दोन्ही कडांना उंच आणि मध्ये बारीक, वाकवलेल्या पडद्यासमोर मधल्या खुर्चीत बसल्यावर दिसेल तसं. पहिली पाच मिनिटं विचित्र वाटतं, नंतर डोळा सरावतो आणि मग गव्यांचा कळप उधळतो तेव्हा कळतं की हे सगळं कशासाठी चाललं होतं. प्रोजेक्टर असेल तर मजाच, छोट्या टीव्हीवर थोडं जवळ बसा.

सिनेमा म्हणून म्हणाल तर ठीकठाक. तीन दिग्दर्शक, चार पिढ्यांची गोष्ट, लांबण भरपूर. जॉन फोर्डचा अमेरिकन यादवी युद्धाचा भाग सगळ्यात छोटा आणि माझ्या मते सगळ्यात भारी. क्लोजअप फारसे नाहीत, कारण त्या लेन्सने चेहरा भरून घ्यायचा तर कॅमेरा नटाच्या नाकाशीच न्यावा लागायचा. आल्फ्रेड न्यूमनचं म्युझिक मोठ्या आवाजात ऐका. सोबत 'सिनेरामा ॲडव्हेंचर' नावाची डॉक्युमेंटरी आहे, ती चुकवू नका.

आणि प्लीज, काळ्या पट्ट्या नकोत म्हणून सपाट डिस्कला टीव्हीचं झूम लावू नका, डावं-उजवं पॅनेल अर्ध्याहून जास्त उडतं.