जुन्या गाडीसाठी युनिव्हर्सल टँक युनिट: घेण्याआधी गेज कुठलं ते ओळखा

इंदूरच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानात जुन्या अ‍ॅम्बेसेडरचं टँक युनिट (टाकीतली पेट्रोलची पातळी डॅशबोर्डवरच्या काट्याला, म्हणजे गेजला, कळवणारा भाग) मागितलं की बहुधा एकच वस्तू काउंटरवर येते: पाच भोकांची चकती, कमी-जास्त करता येणारा दांडा, काळा प्लॅस्टिकचा फ्लोट. आणि वर आश्वासन, 'सब में चल जाएगा.' वस्तू वाईट नाही. आश्वासन मात्र अर्धंच खरं.

हे युनिट 240–33 ओहमचं असतं, म्हणजे फ्लोट खाली-वर झाला की त्याचा विद्युत रोध तेवढा बदलतो. टाकी रिकामी असताना 240, भरलेली असताना 33. जुन्या ब्रिटिश घाटाच्या गाड्यांत दोन प्रकारचे गेज सापडतात. चावी फिरवल्यावर काटा सावकाश वर चढला तर आत तापून वाकणारी दोन धातूंची, म्हणजे बायमेटल, पट्टी आहे. टुणकन उडाला तर चुंबकीय. मॉडेलच्या वर्षावर विसंबू नका, मधल्या काळात कुणी काय बदललं असेल सांगता येत नाही.

बायमेटल गेजचं मूळ युनिट साधारण 240 ते 20 ओहमचं, म्हणून त्याला हे चालतं. रिकामी टाकी बरोबर कळते, भरलेली थोडी कमी दिसते. एवढी तफावत सोसावी. ती घालवायला समांतर रेझिस्टर जोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने रिकाम्या टोकाची पार वाट लागते. चुंबकीय गेजचा हिशोब मात्र उलटा: रिकामी 0, भरलेली 90 ओहमच्या आसपास. त्याला हे युनिट लावलं तर भरल्या टाकीला काटा एक-तृतीयांशावर, आणि पेट्रोल संपत जाईल तसा 'फुल'कडे! भेरूघाटात गाडी बंद पडतानाही काटा टाकी भरल्याचंच सांगेल.

आता खरी गोष्ट. काटा हलत नाही म्हणून युनिट विकत घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना त्याची गरजच नसते. टाकीवरच्या युनिटची वायर काढा आणि चावी ऑन करा. बायमेटल काटा 'एम्प्टी'वर राहायला हवा. चावी बंद करून ती वायर बॉडीला जोडा, पुन्हा ऑन करा. काटा 'फुल'कडे निघाला की लगेच बंद, जास्त वेळ ठेवलं तर गेज जळू शकतं. चुंबकीय गेजमध्ये दोन्ही उत्तरं उलटी येतात. जोडणी-तोडणी नेहमी चावी बंद असतानाच करायची. पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी नको. काटा असा नीट वागला तर गेज आणि वायर दोन्ही ठीक, दोष टाकीपाशी.

तिथेही आधी अर्थिंग (युनिटची गाडीच्या बॉडीशी असलेली विजेची जोडणी, बोलीत 'अर्थ') तपासा. युनिटच्या चकतीपासून बॅटरीच्या अर्थ टोकापर्यंत मल्टीमीटरने अर्ध्या ओहमहून कमी यायला हवं. गंज, टाकीला मारलेला रंग, नवं रबर पॅकिंग यांनी अर्थ तुटतो. मग बायमेटल काटा रिकामं दाखवतो, चुंबकीय भरलेलं. एक जाड वायर चकतीच्या स्क्रूपासून चासीपर्यंत ओढली की काम झालं.

इंधन आणि तापमान दोन्ही काटे एकदम जास्त दाखवू लागले तर टँक युनिटला हातही लावू नका. डॅशबोर्डमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर बघा. तो सरासरी 10 व्होल्ट देतो, पण चालू-बंद होत. म्हणून डिजिटल मीटरवर आकडे नाचतात आणि माणूस गोंधळतो. त्यापेक्षा लहान 12 व्होल्टचा बल्ब लावा: लुकलुकला तर ठीक, सतत पेटला तर गेला. त्याच्या डब्याचा अर्थ सुटला तरी हीच लक्षणं दिसतात. निगेटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या) गाडीत त्याऐवजी 7810 हा 10 व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवणं सोपं आणि टिकाऊ.

युनिट बाहेर काढलंच तर मीटर 2000 ओहमवर ठेवून दांडा हळूहळू फिरवा. आकडा मध्येच उडाला तर युनिटच्या आतली रोधाची तार झिजली आहे. फ्लोट जिथे जास्त वेळ असतो तिथेच ती आधी जाते. पितळी फ्लोट कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर तो बुडतो आहे. गरम पाण्यात धरला की बुडबुड्यांवरून भोक सापडतं. पण आतलं पेट्रोल पूर्ण काढल्याशिवाय डाग द्यायला (सोल्डर करायला) जाऊ नका.

एवढं करूनही बायमेटल गेजला नवं युनिट लागलंच, तर हे जरूर घ्या. दांड्याची लांबी टाकीची खोली मोजून ठरवा, फ्लोट तळाला किंवा छताला अडकता कामा नये. जुन्या टाकीचं तोंड पाच भोकांचं नसेल तर अ‍ॅडॉप्टर रिंग लागेल. सोबत येणारं पॅकिंग पातळ असतं, ते टाकून इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारं जाड पॅकिंग वेगळं घ्या. चुंबकीय गेजवाल्यांनी मात्र हे घेऊ नये, जुनं युनिटच तार बदलून दुरुस्त करून घ्यावं.